लाइनीतल्या देवाचा आवाज

ऐका हो ऐका! सर्व सज्जनांना, सज्जनांच्या सोयऱ्याधायऱ्यांना, आणि सज्जन नसूनही पुढच्या सतरंजीवर जागा धरून बसलेल्यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी देवाचा आवाज चोरीला गेला. चोर अद्याप मोकळा आहे. तो बियाणं-खताच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, दुपारी भातावर जरा जास्तच वरण घेतो, आणि सध्या हे लिहितो आहे.

हसलात? हसा ना. माणसं हसलेली मला फार आवडतात — खरं तर सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिला माझी कोणती दाढ कधी दुखते तेही ठाऊक असतं. देवळात नाही. दारूच्या भरात नाही — घेतोच कधी तर आधी स्वतःला बजावून घेतो, की बाबा, तो विषय सोडून काहीही बोल. मग आज का? सांगतो. पण मला जरा फिरून यावं लागेल. सरळ चालत गेलो तर दारातूनच परत फिरेन, मी मला ओळखतो.

ताराचंदपासून सुरू करतो.

ताराचंद माझा मित्र. त्याचं बिछायत केंद्र आहे — मंडप, खुर्च्या, सतरंज्या, भाताचे हंडे आणि एक माईक. आमच्या भागात लग्न म्हटलं की मंडप ताराचंदचा आणि माईकवर आवाजही ताराचंदचाच. माणूस दिसायला काही नाही. बुटका, पोट पुढे, शर्टाचं एक बटण कायम गैरहजर. पण माईक तोंडाशी धरला की मंडपातली रडकी पोरंसुद्धा गप्प होत. मुहूर्त टळून जात असला की लोक घड्याळाकडे नाही, त्याच्याकडे बघत. आणि तो म्हणे, "मामा लोक, पोरीले आना बाप्पा आता! नवरदेवाचं तोंड सुकून राहिलं, अन् पाहुन्यायचं ध्यान भाताकडं हाये!" अख्खा मंडप हसे, मामा धावत सुटत, लग्न लागे.

तो ताराचंद आता माईक धरत नाही. गोंदियाहून भाड्याचा माणूस आणतो. तो माणूस 'आप सभी से विनम्र निवेदन है' करतो आणि कुणी हसत नाही, कुणी धावतही नाही. लोक म्हणतात, ताराचंद म्हातारा झाला. कुणी म्हणतं, पैसा आला, आता कशाला ओरडेल? पानठेल्यावर ही चर्चा निघते तेव्हा मीही असतो. मी काय करतो माहीत आहे? मान हलवतो आणि म्हणतो, "हो ना गा, काय झालं का त्याले!"

काय झालं ते मला ठाऊक आहे. मीच केलं.

आता सिनेमाकडे येतो. आमच्या गावची निशा नागपूरला सिनेमाचं शिकून आली आणि तिने ठरवलं की आपल्या बोलीत एक गमतीचा सिनेमा करायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते — पाहुणे येतात, लग्नाची स्थळं बघितली जातात, झुले लागतात, आणि अंधार पडला की नाटक. त्या नाटकाच्या आधी पडदा लावून हा सिनेमा दाखवायचा असं ठरलं. नाव होतं 'देव लाइनीत हाये'. गोष्ट साधी. बुधा नावाचा एक शेतकरी धान विकायला खरेदी केंद्रावर जातो. मोठी लाइन. त्याच्या पुढे एक अनोळखी माणूस पोती घेऊन उभा. तो म्हणतो, मी देव आहे. बुधा म्हणतो, असशील बाबा, पण धक्का मारू नको. मग देवाचा नंबर लागतो, धानात ओल मोजायचं यंत्र खुपसलं जातं, आणि देवाचं धान ओलं निघतं! वाळवून आण म्हणतात. मग काय, देव डांबरी सडकेवर धान पसरतो, आणि त्याचं धान राखायचं कुणी, तर बुधाने, कारण देवाला इकडे लाइनीत बुधाची जागा धरायची आहे. एवढीच गोष्ट. वाचून दाखवली तेव्हा मी इतका हसलो की दुकानातलं गिऱ्हाईक खत न घेताच बघत उभं राहिलं.

देव कोण होणार, हा प्रश्न माझ्या मनात नव्हताच. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मी राजा झालोय, खलनायक झालोय, मुलीचा हुंडा न जमलेला बाप तर इतक्या वेळा झालोय की माझ्या खऱ्या मुलीच्या लग्नात लोक मी रडायची वाट बघत होते. माझ्या आवाजाला माईक लागत नाही. मी केस वाढवायला सुरुवातसुद्धा केली होती. निशा म्हणाली, "काका, तुम्ही तर देवच वाटता." मी मान झुकवली — नम्रपणे, म्हणजे जशी राजे लोक झुकवतात तशी. मग ती म्हणाली, "म्हणूनच तुम्ही बुधा व्हा. मला देव न वाटणारा देव पाहिजे."

बुधाचीच भूमिका मोठी होती, हे खरं. मुख्य होती. पण तुम्हीच सांगा — समोर देव उभा असताना बुधाकडे कोण बघतं?

आणि देव न वाटणारा देव तिला सापडला कुठे? आमच्याच अंगणात. शेजारच्या गावातल्या राइस मिलच्या आवारात आम्ही खोटं खरेदी केंद्र उभं केलं होतं. ताराचंद फक्त सावलीसाठी कापड बांधायला आला होता. सिनेमासाठी पसरलेल्या धानात एक बकरी घुसली. सगळे हाड-हाड करत धावले. ताराचंद शिडीवरून न उतरता तिला म्हणाला, "खाय माय, खाय. तुयाच बापाचं हाये. पन उद्या दूध देताना हिसाब करू नोको." निशाने कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाली, झालं, हाच देव.

तो नाही-नाहीच म्हणत होता. मीच त्याला तयार केलं, हे लिहिताना मला आजही मजा वाटते. मीच म्हणालो, "कर ना बे, कायले भेतं? मी हावो ना." मला वाटलं होतं, हा अडखळेल, मी सांभाळून घेईन, आणि लोक म्हणतील — बघा, देवालाही सांभाळून घेतलं.

तो अडखळला नाही. कॅमेऱ्यासमोर तो माईकसमोर असायचा तसाच होता. निशाने लिहिलं होतं, 'वत्सा, वर माग.' हा म्हणाला, "माग बाप्पा लवकर, मले बी वापस जाचं हाये." निशाने ते तसंच ठेवलं. मग काय, तो लिहिलेलं बोलायचंच सोडून बसला आणि प्रत्येक वेळी लिहिलेल्यापेक्षा चांगलं बोलायला लागला. ओलं धान निघालं तेव्हा यंत्राकडे बघून म्हणाला, "खरं हाये. पाऊस बी मीच पाडून राहिलो, अन् ओलं बी माहंच निघालं." मी समोर उभा होतो. माझा पुढचा संवाद मी विसरलो. कधी नव्हे तो विसरलो.

आता थोडं यंत्राचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मिलच्या घरघरीमुळे कॅमेऱ्यातला आवाज कामाचा नव्हता. म्हणून आवाज वेगळ्या छोट्या यंत्रात घेत होते. दिवसाचं काम संपलं की ते यंत्र मी दुकानात न्यायचो, कारण माझ्याकडे इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही आहे. सगळा आवाज त्यात उतरवून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवसासाठी यंत्र रिकामं करून द्यायचो. निशाचा माझ्यावर विश्वास होता. काका म्हणायची. का नसावा विश्वास?

शूटिंग पूर्ण झाल्यावर एका दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कानात इअरफोन लावून सगळं ऐकायला बसलो. माझं काम कसं झालं ते ऐकायचं होतं. दुसरं कशाला बसेन?

तुम्ही कधी स्वतःच्या संवादानंतरची शांतता ऐकली आहे? रंगमंचावर ती कळत नाही, तिथे आपण त्या शांततेला दाद समजतो. यंत्रात तसं नसतं. माझा बुधा बोलला — सुंदर, स्पष्ट, पल्लेदार — आणि मागे कुणीतरी चहाचा फुरका मारला. पुन्हा बोललो, कोंबडा आरवला. मग ताराचंद बोलला, आणि मागे निशाचं तोंड दाबून हसणं, मिलच्या माणसांचं हसणं, कुणीतरी मांडीवर मारलेली थाप. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. आणि एका ठिकाणी — हे ऐकून मी कानातलं काढलंच — त्या सगळ्यांत एक मोठं, मोकळं, पोटातून आलेलं हसू होतं. ते माझंच होतं. मीही त्याच्यावर हसलो होतो आणि मला आठवतही नव्हतं.

मी देवाचे सगळे प्रसंग निवडले. बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं पुसायचं? खात्री आहे? मला आयुष्यात इतक्या सभ्यपणे कुणी थांबवलेलं नाही. मी दुकानात एकटा होतो, तरी मोठ्याने 'हो' म्हणालो. पुन्हा दाबलं. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

त्या प्रसंगांमध्ये माझाही आवाज होता, तोही गेला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. पण माझं नाक मला पुन्हा बसवता येणार होतं. बंद खोलीत उभं राहून पडद्यावरच्या ओठांवर आवाज बसवायचं काम मी आधी केलेलं होतं. ताराचंदने नव्हतं. मला हे पुसण्याआधी सुचलं की पुसल्यानंतर? मी या प्रश्नाला बरीच वर्षं बगल दिली. आधी सुचलं होतं. पुसण्याआधी.

निशाला सांगितलं, व्होल्टेज वाढलं, कॉम्प्युटर बसला. आमच्याकडे कशाचाही दोष विजेवर टाकता येतो, ती उलट उत्तर द्यायला येत नाही. सगळे हळहळले. ताराचंदने तर माझ्या पाठीवर हात ठेवला — "जाऊ दे गा, तू कायले जिवाले लावून घेतं?" फक्त देवाचेच प्रसंग कसे गेले, व्होल्टेज इतकं निवडून कसं खातं, हे कुणाला सुचलं नाही. निशाला सुचलं. तिने एकदाच विचारलं, "काका, बाकीचं कसं राहिलं मग?" मी तिच्याकडे बघितलं, डोळे ओले केले, आणि म्हणालो, "पोरी, तेच मलाही कळत नाही." आयुष्यातला माझा सर्वांत चांगला अभिनय. प्रेक्षक एक, आणि टाळी नाही.

मग आम्ही गोंदियाला गेलो. छोटी खोली, भिंतींना गादीसारखं काहीतरी ठोकलेलं, आवाज घेणारा माणूस काचेपलीकडे. ताराचंद आत जाण्याआधी मी त्याला बाजूला घेतलं. हे जे आता सांगतोय, ते पुसण्यापेक्षा वाईट आहे. नीट वाचा. मी त्याला म्हणालो, "हे बघ, हा देव आहे. हे मंडईत चार गावचे लोक बघतील, उद्या नागपूरला बघतील. 'काऊन', 'कायले' असं नको. देव असं बोलेल का? जरा स्वच्छ बोल. पुस्तकातलं बोल."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी रंगभूमीवरचा माणूस. मला कळतंच ना.

आत गेला आणि बोलायला लागला — तहसीलसमोर नोटीस वाचावी तसा. प्रत्येक शब्दाआधी थांबे. 'ण' म्हणायला जाई आणि नको तिथे 'ण' लावी. काचेपलीकडचा माणूस म्हणे, "अंकल, रिलॅक्स. फिर से." पुन्हा. "अंकल, थोडा नॅचरल." पुन्हा. निशा म्हणाली, "ताराचंदकाका, तुम्ही नेहमीसारखं बोला ना." तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघायचा — बरोबर का? — आणि मी हळूच हाताने खूण करायचो: अजून स्वच्छ. अजून.

शेवटी त्याने कानावरचा हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून ठेवली, बाहेर आला आणि म्हणाला, "तूच बोल ना गा. तुले जमते. आमची बोली ढोरं हाकाची होय."

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मला तेव्हाही माहीत होतं. मी काय केलं? मी घसा साफ केला. आत गेलो आणि देव झालो — घुमणारा, गंभीर, व्याकरणशुद्ध देव. 'वत्सा, वर माग' म्हणालो. निशाने लिहिलेलं, आणि तिनेच काढून टाकलेलं. मंडई जवळ आली होती, दुसरा उपाय नव्हता, तिने तेच पडद्यावर बसवलं.

ताराचंदने माईक कधी सोडला ते कुणाला नेमकं आठवत नाही, कारण तो हळूहळू सुटला. आधी म्हणाला, घसा बसला. मग म्हणाला, लाइटाकडे बघायचं असतं, वेळ नाही. पण यंदा उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. स्वतःचा मंडप, स्वतःचे हंडे, स्वतःचा माईक. मुलगी हळदीच्या अंगाने उठून आली आणि म्हणाली, "बाबा, आज त तुमीच बोला." तो म्हणाला, "नोको बेटा. पाहुने पुन्याचे हायेत." आणि भाड्याचा माणूस 'आप सभी से' करायला लागला. मी तिथेच पंगतीत होतो. हातात घास होता. तो मी खाल्ला, खोटं का बोलू — घशाखाली गेलाही. पण त्याच पंगतीत मी ठरवलं.

ठरवलं म्हणजे ठरवलं. हे छापून आलं की मी ते ताराचंदच्या हातात देऊन पळणार नाही. यंदाच्या मंडईत, नाटकाच्या आधी, त्याच्याच माईकवरून, तो समोर बसलेला असताना, हे सगळं मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. आवाजात चढउतार करणार नाही. डोळे ओले करणार नाही — ती कला मला येते हे आता तुम्हाला माहीत झालंय. माफीही मागणार नाही. मागितली तर तो लगेच देईल, वर चहा पाजेल, आणि मग लोक त्याचा मोठेपणा आणि माझा प्रामाणिकपणा एकाच कपात ढवळून पितील. ते मला नको. लोकांना फक्त कळू दे, की वीज गेली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं, आणि त्या बोलीत काही कमी नव्हतं. ती इतकी चांगली होती की माझ्याने ऐकवली नाही.

आता एकच गोष्ट राहिली. सिनेमा दाखवला त्या मंडईची. ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण पुसलं तेव्हा मी मत्सरी होतो, गोंदियाच्या खोलीत दुष्ट होतो, पण मंडईत मी भित्रा होतो, आणि ते सांगायला मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

दिवेलागण झाली होती. पडदा लागला. चार गावची माणसं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ताराचंद मागे खांबाला टेकून उभा, नवा शर्ट घालून, सगळी बटणं लावून. त्याची बायको फुलवंता बायकांत सगळ्यांत पुढे, आपल्या माहेरच्या बायांना घेऊन बसलेली. आवाज बदलल्याचं त्याने तिला घरी सांगितलेलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पडद्यावर लाइन दिसली, पोती दिसली, देव दिसला. बायांनी तिला कोपरखळ्या मारल्या. देवाने तोंड उघडलं आणि मी बोललो.

त्यावर फुलवंता जे बोलली त्याला अख्खं मैदान हसलं. निशा हसली नाही, तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ताराचंदने खाली बघितलं. सगळं सांगायला मला एक उडी मारून पडद्यासमोर यायचं होतं, आणि तशा उड्या मी आयुष्यभर मारत आलो होतो. मी जागेवरून हललो नाही. हसणाऱ्यांत हसलो, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

फुलवंता पडद्याकडे बोट दाखवून, भर मैदानात, खणखणीत आवाजात ओरडली होती:

"आगा माय! मानूस त आमचाच हाये, पन त्याच्या तोंडात हा कोन बसून बोलून राहिला?"